चौकटीची खालची कड

१९९३ साली रविराजने गोटीरामचा उजवा हात मोडला, तो पुराव्याच्या आधारावर. निदान त्याची तशी ठाम समजूत होती. द्राक्षबागेत रोवायला आणलेला लोखंडी अँगल त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि गोटीरामच्या कोपराखाली दोनदा हाणला. पहिल्या फटक्याला हाड वाजले, दुसऱ्याला ते कातडीबाहेर आले. दवाखान्यात गोटीरामने सांगितले, ट्रॅक्टरवरून पडलो.

पुरावा म्हणजे एक चित्रपट. १९८४ मध्ये एक नामवंत दिग्दर्शक दिंडोरीजवळच्या त्यांच्या गावात जमीनदार आणि मजुरांची कथा चित्रित करायला आला आणि त्याने गावकऱ्यांनाच कॅमेऱ्यापुढे उभे केले. मारहाणीच्या दृश्यात मजूर झाला रविराजचा बाप मोतीराम, जमीनदाराचा गडी झाला गोटीराम. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत आधीच धुसफूस होती. मारायच्या काठ्या एरंडाच्या, रंगवलेल्या, आतून पोकळ. तरीही मोतीरामची कवटी फुटली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. पोलिसांनी अपघात लिहिला. दिग्दर्शकाने दृश्य तसेच ठेवले. त्यातल्या वास्तवाची वाहवा झाली. दोन वर्षांनी एका रविवारी दुपारी गावातल्या एकुलत्या टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले, गोटीरामच्या हातात खरी काठी होती. मोतीरामची बायको नवसाबाई डोळ्यांना पदर लावून उठून गेली. गावापुरता निकाल तिथेच लागला, शाळकरी रविराजपुरताही.

२००४ च्या ऑक्टोबरात शहरात गंगापूर रोडवरच्या एका चित्रपट मंडळाने ऐंशीच्या दशकातल्या मान्यवर दिग्दर्शकांचे चित्रपट पुन्हा दाखवायला घेतले. रविराज तोवर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागला होता. गावातला तो चित्रपट लागला त्या रविवारी सकाळी तो गेला आणि मागच्या रांगेत बसला. दिवे लागल्यावर मंडळाची चिटणीस शुभांगी त्याच्याकडे वळली.

"काय संयत हिंसा आहे ना, सर? मारहाणीत एकही कट नाही. आजकालच्यांना जमेल का हे?"

"ही डिस्क मला दुपारपुरती हवी आहे."

"अय्या, सर आमच्यातलेच निघाले की!"

पडद्यावर त्याला असे काही दिसले होते, जे टीव्हीवर दिसले नव्हते. जुन्या टीव्हीच्या गोलसर कडा चित्राची खालची पट्टी गिळून टाकत, आणि त्या पट्टीत एक हात होता. महाविद्यालयातल्या संगणकावर तो एकेक चौकट पुढे सरकवत बसला. गोटीरामच्या हातातली एरंडाची काठी मोडते. तो रिकाम्या हाताने कॅमेऱ्याच्या बाजूला पाहतो. खाली पडलेला मोतीराम बैलगाडीखालून स्वतःची बाभळीची काठी ओढतो आणि ती गोटीरामच्या हातात देतो. ओठ हलतात. काठी खांद्याच्या रोखाने खाली येते, आणि मोतीराम मान वळवून चेहरा कॅमेऱ्याकडे करतो.

मान वळल्यापासून फटका बसेपर्यंत चौकटी चार. सेकंदाला पंचवीस. एवढ्या अवधीत निघालेला हात आवरणे कोणाही माणसाच्या मज्जातंतूंना शक्य नाही. रविराजने तीनदा मोजले. चारच भरल्या.

सोमवारी सकाळी गोटीराम बागेत छाटणी करत होता, कात्री डाव्या हातात. उजवा हात कोपराखाली वाकडाच जुळला होता. मागून त्याची सून हर्षाली काड्या गोळा करत होती.

"या मास्तर," गोटीराम म्हणाला. "दुसरा मोडायचा ऱ्हायला का?"

"काका, काठी दादांनी दिली होती."

कात्री थांबली. "कोण म्हणलं?"

"मी पाहिलं काल."

"चार येळा माझीच काठी मोडली. उजेड चालला म्हणून सायेब शिव्या घालाय लागला. तुझा बाप म्हणला, लेका, तुझ्यापायी सगळा खोळंबा. ही घे, खांद्यावर हाण. अन् सायबानं त्याला सांगितलेलं, चेहरा दिसला पायजे."

"मग बोलला का नाहीत? मी हात मोडला तेव्हा तरी?"

"काय बोलू? तुमचा माणूस सोताच्या काठीनं मेला, असं नवसावहिनीला सांगू? मारणारा मीच ना, बाबा."

कडेला अँगल रचून ठेवले होते. रविराजने त्यातला एक उचलला, गोटीरामच्या डाव्या हातात दिला आणि वाकून आपला उजवा हात जमिनीवर आडव्या पडलेल्या दगडी खांबावर ठेवला.

"मारा."

गोटीरामने अँगल हातात तोलला. "तुमच्या घराला काठी हातात द्यायची खोडच हाय."

"मामा, नका!" हर्षाली ओरडली.

फटका नेमका कोपराखाली बसला. हाड वाजले. रविराज गुडघ्यांवर आला, तोंडात माती गेली, पण हात त्याने खांबावरून काढला नाही. गोटीरामने अँगल पुन्हा उचलला. रविराजने मान जागची हलू दिली नाही. काही क्षण लोखंड वर तसेच राहिले. मग गोटीरामने ते वेलींमध्ये भिरकावून दिले.

"पोरी, जीप काढाय सांग," तो धापा टाकत म्हणाला. "दवाखान्यात इचारलं, तर मास्तर ट्रॅक्टरवरून पडले."