राखणीची बाटली

धाकटीने रुंद दात्यांच्या कंगव्यातून तीन केस हलकेच सोडवले, पांढऱ्या बशीत आडवे मांडले आणि मेणबत्ती पेटवली. कंगवा थोरल्या बहिणीचा होता. वरच्या न्हाणीघरातून तिने तो टॉवेलात गुंडाळून आणला होता, आणि काम झालं की होता तसाच, दाते भिंतीकडे करून, परत ठेवायचा होता. थोरली वर झोपली होती. जेवण अर्धं टाकून ती जिना चढली तेव्हा मधल्या वळणावर कठडा धरून बराच वेळ उभी राहिली होती. धाकटीने ते स्वयंपाकघरातून पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, सोंग.

बाटली तयार होती. जाड काचेच्या तळाशी गंजलेले खिळे, त्यावर खडेमीठ, त्यात काळ्या दोऱ्याचा गुंता, वरून व्हिनेगर. नावाची चिठ्ठीही आत सोडून झाली होती. केसांची राख तेवढी राहिली होती. ती पडली की बूच लावायचं, बुचावर मेण ओतायचं आणि बाटली उंबऱ्यालगत पुरायची. अशा बाटल्या धाकटी विकायची. दोन प्रकारच्या असत: एक माणसाला जपणारी, दुसरी माणसाला लांब ठेवणारी. पहिलीचं कौतुक फार व्हायचं. मागणी दुसरीला होती.

थोरली आली होती रविवारी, न कळवता, एक बॅग घेऊन. गणित शिकवण्यात उभा जन्म गेलेली बाई. बोलणंही तसंच, मधल्या पायऱ्या गाळून एकदम उत्तर. चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच म्हणाली,

"मला खालची खोली हवी. काही महिने."

"का?"

"हवी आहे."

"वरची आहे की रिकामी. हवेशीर आहे."

"जिना नको."

"का गं, गुडघे बोलायला लागले? म्हातारी झालीस म्हणायची."

थोरलीने कपातला उरलेला चहा गोल फिरवला.

"देते म्हण, नाही तर नाही म्हण. मध्ये लटकवू नकोस."

धाकटी नाही म्हणाली.

आता खालची खोली म्हणजे धाकटीचं सगळं राज्यच. भिंतभर फळ्या, फळ्यांवर वाळवलेल्या पानांच्या बरण्या, मेणाच्या वड्या, बुचांचे डबे. दर गुरुवारी संध्याकाळी तिच्या चार मैत्रिणी तिथे जमत. स्वतःला हसत-हसत चेटकिणी म्हणवत, पण झगे खरे शिवून घेतलेले होते. बाटल्या भरून झाल्या की टेबलावर भूमिकांच्या खेळाचे फासे पडत आणि जी ती दुसरीच कुणी होई. दातांची डॉक्टर उत्तरेच्या अरण्याची राणी होई, गाडी शिकवणारी वाऱ्यावर स्वार होई. दिवसभर लोकांच्या दाढा उपटून आलेल्या बाईला दोन तास राणी व्हावंसं वाटलं, तर त्यात कुणाचं काय जातं? थोरलीने मागे एकदा हा दरबार पाहिला होता आणि गाडी शिकवणारीला विचारलं होतं, "झाडूला क्लच कुठल्या बाजूला असतो हो?" ती बिचारी खळखळून हसली होती. धाकटी हसली नव्हती. तिच्या मनात ते कुसळासारखं राहिलं.

म्हणूनच खोलीची मागणी ऐकताच तिने पहिला फोन राणीला केला होता.

"आज खोली मागतेय, उद्या घर मागेल," धाकटी म्हणाली. "लहानपणी खिडकीजवळची खाट तिची, पहिली आंघोळ तिची. आता निवृत्त झाली, तर इथेच ठाण मांडणार."

"हद्द आखून घे बाई," राणीने सांगितलं. "आपली जागा राखण्यात पाप नसतं."

भीतीचं एक आहे. तिला नुसतं दारात उभं राहू दिलं, तरी ती आत येऊन बसते, आणि बसली की परक्याकडे नाही, घरच्याच माणसाकडे बोट दाखवते. रविवार ते बुधवार धाकटीने थोरलीचं एकेक पाऊल त्या बोटाच्या रोखाने पाहिलं. ती उशिरा उठते, म्हणजे मालकिणीसारखी. ताटात टाकते, म्हणजे माझ्या हातचं आवडत नाही. फोन आला की अंगणात जाऊन बोलते, म्हणजे वकील असणार.

तिने चिमट्यात पहिला केस धरला आणि ज्योतीवर नेला.

केस कसा जळतो, हे धाकटीच्या बोटांना पाठ होतं. किंचित तडतडतो, जळक्या नखासारखा वास सोडतो, आणि उरते ती राख बोटात धरताच विरते. हा केस तडतडला नाही. झटकन आक्रसून मागे सरला आणि त्याच्या टोकाला काळा, चकचकीत मणी लोंबला. वास आला तो गॅसला चिकटलेल्या पिशवीचा.

ओढणीचा धागा असेल, असं म्हणून तिने दुसरा धरला. पुन्हा मणी. तिने तो बशीत ठेवून नखाने दाबला. चुरला नाही. खुट्ट वाजला आणि बशीत घरंगळत गेला.

तिसरा केस तिने जाळला नाही. चष्मा लावून खिडकीशी नेला. दोन्ही टोकं सारखी, मुळाशी असतो तो पांढुरका ठिपका नाही. मग तिने कंगवा उचलला आणि दात्यांत अडकलेले सगळे केस एकेक करून ओढले. सगळे एकाच लांबीचे, एकाच रंगाचे. साठीला आलेल्या बाईच्या कंगव्यात एकही पांढरा केस नव्हता.

धाकटी स्टुलावर बसली. मेणबत्ती जळत राहिली. रविवारपासून थोरलीच्या कपाळावरची बट एकदाही हललेली नाही, हे तिला आत्ता दिसलं. झोपताना बांधलेला रुमाल दिसला. न्हाणीघराच्या दाराला कान न लावताही ऐकू येणारं, बराच वेळ सोडून ठेवलेल्या नळाचं पाणी, आणि त्या पाण्याखाली दाबलेला ओकारीचा आवाज आठवला. जिना नको, असं ती म्हणाली होती. या खोलीला लागून न्हाणीघर आहे, हे कारण तिने सांगितलंही नव्हतं.

"काय जळलं?"

दारात थोरली उभी होती. एक हात चौकटीवर.

"पिशवी," धाकटी म्हणाली. "प्लास्टिकची."

थोरलीने टेबलाकडे पाहिलं. तिची नजर उत्तरपत्रिका तपासावी तशी सावकाश एकेका वस्तूवर थांबत गेली. बशी, मणी, कंगवा. मग बाटली.

"ही कुठली? माणसाला जपायची, की माणसापासून?"

थोरलीने बाटली उचलून उजेडात धरली. व्हिनेगरमध्ये चिठ्ठी उलगडली होती आणि काचेला चिकटून अक्षरं बाहेर दिसत होती.

"गिऱ्हाइकांना तू पूर्ण नाव लिहायला लावतेस ना? आडनावासकट?"

"ताई..."

"हो, तेच लिहिलंयस."

तिने बाटली खाली ठेवली आणि दुसऱ्या स्टुलावर बसली. धाप लागली होती, पण ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. वर्गात एखाद्या हुशार मुलीचं गणित शेवटच्या ओळीत चुकावं, तेव्हा येई तसं.

"केस कुणाचे ते तरी बघायचंस. बाटलीने काम केलंच असतं, तर कुठला कारखाना देशोधडीला लागला असता कोण जाणे."

"कधीपासून?"

"परीक्षा संपल्या तेव्हापासून. निम्मी औषधं चढवून झाली, निम्मी बाकी आहेत. केस दुसऱ्या खेपेला गेले. उशीवर सापडायचे. मग म्हटलं, रोज रोज काय निरोप द्यायचा, आणि उतरवूनच टाकले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय केलं असतंस? दिवे लावले असतेस. चार जणी झगे घालून माझ्या नावाने पुटपुटल्या असत्या. आईच्या वेळी लावलेस तसे."

"आईच्या वेळी मी इथेच होते, ताई. तू सुट्टीपुरती आली होतीस."

"इथेच होतीस. या खोलीत. आई वर होती."

ती आवाज न चढवता बोलली. धाकटीने मेणबत्ती फुंकली. धुराची एक रेघ दोघींच्या मधून सरळ वर गेली.

"खोली घे," धाकटी म्हणाली. "आत्ता रिकामी करते. दिवस मावळायच्या आत तुझी खाट इथे लागेल. बाकीचं मी बघते, दवाखाना, जेवणखाण, सगळं. तू फक्त..."

"नेमकं हेच मला नको होतं."

"काय?"

"कारण सांगून मागायचं नव्हतं. कारण सांगितलं असतं तर शेजारच्या बाईनेही दिली असती. शाळेतल्या शिपायाने दिली असती. तो तर म्हणालाही होता." थोरली आपल्या नखांकडे बघत होती, ती काळवंडली होती. "आईने कुणाला कारण विचारलं का कधी? पाणी म्हटलं की पाणी, अंथरूण म्हटलं की अंथरूण. मला एकदा बघायचं होतं, नुसतं मागितलं तर मिळतं का."

"अगं, पण मला ठाऊक असतं तर मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलंस," थोरली म्हणाली. "म्हणूनच सांगितलं नाही."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचं पीं-पीं बराच वेळ चाललं आणि थांबलं.

"मग आता?" धाकटीने विचारलं.

"आता घेते. जिना खरंच होत नाही. आणि ते आधी ओतून टाक. व्हिनेगरच्या वासाने मळमळतंय मला."

धाकटीने बाटली मोरीत ओतली. खिळे जाळीवर खणखणले. चिठ्ठी काचेला चिकटून राहिली होती. ती तिने बोट घालून काढली, चोळामोळा केली, आणि टाकायची कुठे हे न सुचून मुठीतच ठेवली.

मग तासभर ती जिना चढत-उतरत होती. बरण्या, मेण, बुचं, झग्यांचं बोचकं. थोरली स्टुलावर बसून सांगत होती, ही फळी आधी, ती मागाहून, दोन्ही हातांनी धर. मध्येच टेबलावरचा फोन थरथरला. थोरलीने वाकून नाव वाचलं.

"राणीसाहेब आहेत. सांग त्यांना, राज्य वरच्या मजल्यावर हलवलंय."

धाकटी या वेळी हसायला तयार होती. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरली हसत नव्हती. फोन वाजून वाजून गप्प झाला.

खाट लागली. चादर ओढून झाली. उशाशी पाण्याचा तांब्या, पायथ्याशी बादली. टेबल पुसताना धाकटीने शेवटची उंच, रिकामी बाटली उचलली.

"ती राहू दे," थोरली म्हणाली.

"कशाला?"

थोरलीने दोन्ही हात कानांमागे नेले, विग उचलला आणि बाटलीच्या तोंडावर नीट बसवला. बटा बोटांनी सारख्या केल्या. धाकटी बघत राहिली. ते उघडं डोकं हुबेहूब वडिलांचं होतं, मागे जरासं चपटं, डाव्या बाजूला उंचवटा. इतकी वर्षं केसांखाली होतं, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. तिचा हात आपोआप पुढे झाला. थोरलीने उशी सारखी करायच्या निमित्ताने मान वळवली, आणि हात हवेतच राहिला.

"बसू का जरा?" धाकटीने विचारलं. "बोलायचं नाही काही. नुसती बसते."

"नको. पडते मी. जाताना दार लोटून घे."

धाकटी बाहेर आली. दार तिने लोटलं, पण वीतभर उघडं ठेवलं. रात्री-अपरात्री हाक मारली तर ऐकू यायला हवी. मग जिन्याच्या खालच्या पायरीवर अंग चोरून बसली.

आत खाट करकरली. पावलं वाजली, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरं. रिकाम्या फळीला धरून चालल्यासारखा लाकडाचा आवाज आला. मध्ये कुठेतरी ती थांबली. श्वास खोलीबाहेर ऐकू येत होता. धाकटी अर्धवट उठली.

पावलं पुन्हा चालू झाली, दारापर्यंत आली, आणि थोरलीने ते पूर्ण लावून घेतलं.