झाकण लावून काढलेले फोटो

फोटो १ ते १५०

आसेगावच्या शिवारात बाभळीमागून मृग नक्षत्र वर येत होतं. शेलूबाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा शाहिद तिपाईवर कॅमेरा लावून भाऊसिंगच्या हरभऱ्याच्या कडेला उभा होता. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाखाली एक धूसर डाग असतो. तेजोमेघ. नुसत्या डोळ्याला दिसतो न दिसतो. वीस-वीस सेकंदांचे दीडशे फोटो एकावर एक रचले की गुलाबी होऊन फुलतो. अट एकच, आसपास उजेड नको.

"काका, घंटाभर बत्ती नोका लावजा."

रानडुकरांच्या भीतीनं जागलीला आलेले भाऊसिंग हसले. "डुकरायले बी सांग मंग. म्हना थांबा, शाहिदभाऊचा फोटो चालू हाये."

"झालं की मी शिट्टी मारतो."

"मार. तवर बत्ती मचानावरच ठेवतो. हातात असली की बोट चाळवते."

आणि ते धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, अंधारात निघून गेले.

फोटो १५१ ते १७०

शेवटी भिंगावर झाकण लावून वीस काळे फोटो काढायचे. कॅमेऱ्याची स्वतःची खरखर त्यांत उतरते, ती मग खऱ्या फोटोंतून वजा करायची. आंधळे फोटो, शाहिद म्हणायचा. ते उघडून कोणी पाहत नाही.

थंडी हाडात शिरली होती. त्यानं तिपाई गुंडाळली, गाडीला किक मारली.

शिट्टी राहिली.

सकाळी सात

भाऊसिंगच्या बायकोचा, जमनाबाईंचा फोन. "तुये काका घरी नाही आले रे. तुले दिसले होते का?"

"होते ना काकू. चांगले होते."

बत्तीचं मात्र तो बोलला नाही.

भाऊसिंग कुणीकडे गेले ते कळावं म्हणून त्यानं लॅपटॉपवर रात्रीचे फोटो उघडले. दीडशेच्या दीडशे पाहिले. उजेडाची ठिणगी नव्हती. माणूस शब्दाला जागला होता. बोट तसंच पुढे सरकत गेलं.

१५१. काळा.

१५२. काळा.

१५३. डावीकडे पिवळा ठिपका.

१५८. ठिपका मधोमध. माणूस चालतो त्या चालीनं.

१६४. उजवीकडे, खाली.

तिथून १७० पर्यंत जागचा हलला नाही.

शाहिदनं झाकण खिडकीतल्या उन्हात धरलं. कुठे चीर नाही, भोक नाही. मग त्यानं शेवटचा काळा फोटो आकाशाच्या फोटोवर ठेवला. कॅमेरा मधे हलवलेलाच नव्हता. ठिपका बरोबर बाभळीच्या बुडाशी आला.

बाभळीखाली कठडा नसलेली पडीक विहीर होती.

साडेआठ

मचानावर बत्ती होती, दवानं ओली. विहिरीतून कण्हणं येत होतं.

गावातून माणसं आली, दोर आला, खाट आली. भाऊसिंग वर आले तेव्हा पाय सुजून खांबासारखा झालेला, ओठ निळे. जमनाबाईंनी त्यांच्यावर घोंगडी टाकली. त्यांच्यासमोरच शाहिद म्हणाला, "काकू, बत्ती मीच बंद ठेवाले सांगतली होती. शिट्टी माराची होती, ते भुललो. घरी चालला गेलो."



"लबाड बोलू नोको," भाऊसिंग क्षीण आवाजात म्हणाले. "घरी कवा गेल्ता तू? रातभर काठावर बत्ती घेऊन बसेल होता ना. इतके आवाज देल्ले, बोलला नाहीस. पण हलला बी नाहीस. तुया त्या उजेडाच्या भरवशावर तर जागा राह्यलो."

एकानं मचानावरची बत्ती दाबून पाहिली. सेल केव्हाचे उतरलेले होते.

फोटो १७१

काढलाच नाही. तेजोमेघही अजून खरखरीतच आहे. काळे फोटो वजा करायला शाहिद दोनदा बसला, दोनदा उठला. ते वजा केले तर काठावर बसलेलं ते जे कोण आहे, तेही वजा होईल.