बिनआकड्याचा खांब

हेस्टर प्रॅग्नेलच्या बटणं-दोऱ्यांच्या दुकानाची दर्शनी भिंत विटांची, हे बाजारचौकातलं शेंबडं पोरही सांगेल. दार रुंद करायला आलेल्या सुतारानं त्यातली एक वीट उचकटली, तर ती पापडासारखी पातळ निघाली. विटेचं सोंग घेतलेलं कौल ते! दोनेकशे वर्षांपूर्वी गावाला विटांचं वेड लागलं, तेव्हा कुणीतरी लाकडी घराला हा लाल पदर पांघरला होता. पदराआड ओकच्या लाकडाचा काळाभोर सांगाडा उभा.

सुतारानं करवत खाली ठेवली. जुन्या ओकाला नगरपरिषदेच्या परवानगीशिवाय हात लावायचा नसतो.

"झालं!" चाकाच्या खुर्चीतून एडमंड म्हणाला. हेस्टरचा हा धाकटा भाऊ. पाय गेल्यापासून पुढच्या दारात त्याची खुर्ची मावत नसे, म्हणून तो शेजारच्या मासेवाल्याच्या आवारातून, मागच्या दारानं दुकानात यायचा. "आता जन्मभर मी मासळीच्या टोपल्यांमधूनच येणार. गिऱ्हाइकं रिबिनी हुंगून बघतात, हेस्टर."

"तुझं तोंड आधी हुंगतील," ती म्हणाली.

गुरुवारी नगरपरिषदेतर्फे जुन्या इमारती तपासणाऱ्या मिसेस टायडी आल्या. भिंतीची आतली फळी निघाली होती. दाराला लागूनच खांब होता, नेमका नको तिथे.

"बाई, हा पाचशे वर्षांचा सांगाडा. कापू देता येणार नाही मला."

हेस्टर पुढे झाली. बोट ओकावरून फिरवत राहिली. जात्याच्या पाळीसारखं गुळगुळीत झालेलं लाकूड, त्यात छिन्नीनं कोरलेल्या रेघा. "हे काय ओरखडलंय?"

"सुतारांचे आकडे. सांगाडा अंगणात जुळवायचे, आकडे घालायचे, सोडवून इथे आणून पुन्हा उभा करायचे. खांबावर जो आकडा, तोच तुळईवर."

"एक रेघ. दोन." हेस्टर सरकत गेली. नको असलेला खांब तिनं वरपासून खालपर्यंत चाचपला. पुढचा पाहिला. "तीन इथे आहेत. मग मधला हा कोण? ह्याला आकडाच नाही."

"पुसला असेल."

"तुळईवरचाही?"

मिसेस टायडी स्टुलावर चढल्या. तुळईची खालची कड सुबक तासलेली होती, आणि ती तासलेली कड खांबाच्या माथ्यामागून तशीच पुढे गेली होती. "जिथे खांब यायचा, तिथे कड कोण तासत बसेल?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "आणि बाकी सगळीकडे लाकडी खुंट्या, इथे लोखंडी खिळे."

हेस्टरनं खिशातली निळी रिबीन काढली. हात उंचावून खांबाचा माथा आणि तुळई यांच्या मधल्या फटीत तिचं टोक सारलं. हळूहळू सगळी रिबीन पलीकडे उतरली.

"ह्याच्यावर भारच नाही," मिसेस टायडी म्हणाल्या. "इथे पूर्वी दुकानाचं तोंड सताड उघडं होतं. हा उपरा नंतर येऊन बसलाय." त्यांनी वही उघडली. "ते मूळ तोंड पुन्हा उघडायला माझी हरकत नाही. लेखी परवानगी सोमवारी पाठवते."

खुर्चीतून सगळं बघत असलेल्या एडमंडनं मापाची फीत मागितली. दोन रेघांच्या खांबापासून तीन रेघांच्या खांबापर्यंत मापलं, मग आपली खुर्ची मापली.

"हेस्टर, अगं ह्यात दोन खुर्च्या बसतील!"

"दुसरीत कोण बसणार रे?"

"तूच. पंधरा मिनिटं वाकून वाकून खांब चाचपताना गुडघे धरलेत तुझे."