स्टुलावरची वहिनी

माझ्या धाकट्या मुलाला नोकरी लागली आणि महिन्याभरात सुटलीही, त्या वर्षीची ही गोष्ट.

दादाचं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. निम्मी गिऱ्हाइकं गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन यायची आणि बोलत बसायची. त्यातूनच सुट्टीच्या दुपारची बैठक सुरू झाली. शटर अर्धं खाली, आत पाच-सहा जण आणि विषय एकच, मरण. नियम दादानेच घातलेला: स्टुलावर बसलेला माणूस उठेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही.

रडारड कमी, हसणंच जास्त. मास्तर म्हणायचे, "माझी चौकट आत्ताच करून ठेव रे. पोरांवर सोपवलं तर कॅलेंडरच्या खिळ्याला लटकेन."

"तुम्ही कसले जाताय," शिंपीणबाई म्हणायच्या, "आम्हाला पोचवून मग जाल."

दादा तर स्वतःच्या मरणाबद्दल असा बोलायचा, जणू शेजारच्या गल्लीत जाऊन यायचंय.

एका दुपारी वहिनी माझा हात धरून दुकानात आली. दोन ऑपरेशनांनी ती अंगाने निम्मी झाली होती. तिसऱ्याची तारीख दादाने परस्पर ठरवून टाकली होती. ती सरळ स्टुलावर जाऊन बसली.

"मला आता पुन्हा पोट फाडून घ्यायचं नाही," ती म्हणाली. "जे व्हायचं ते घरात होऊ दे. घरी विषय काढला की हे चपला घालून बाहेर पडतात. म्हणून मी..."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस," दादा म्हणाला. "ऊठ, घरी चल."

ती उठली नाही. शिंपीणबाई हळूच म्हणाल्या, "दादा, त्या अजून स्टुलावर आहेत."

दादाचा चेहरा उतरला. पुसलेलीच काच तो पुन्हा पुसू लागला. मलाही मान वर करवेना. 'होशील गं बरी' म्हणत मीसुद्धा तिचं तोंड कितीदा बंद केलं होतं.

"हे चार लोकांत सांगायचं होतं का?" दादा पुटपुटला.

"लोकांचं तुम्ही ऐकता," वहिनी म्हणाली. "म्हणून लोकांत आले."

मग दादा खाली बघत म्हणाला, "उद्या दवाखान्यात जाऊन नको म्हणून सांगतो."

"काय म्हणाला?" मास्तरांना कमी ऐकू यायचं.

कुणीच सांगेना. दादाने काच खाली ठेवली आणि तेच वाक्य स्वतः पुन्हा, मोठ्याने म्हटलं. त्याचे कान लाल झाले होते. मग वहिनी उठली.

दुसऱ्या दिवशी तो खरंच सांगून आला.

वहिनी त्याच वर्षी, थंडी सरता सरता, एका सोमवारी सकाळी घरातच गेली. दादा तिच्या उशाशी होता.