येघ्साला कोणी पाहिलंय का?

हसून घ्या आधी. गाढव बोलायला लागलं की माणूस दोनच गोष्टी करतो, हसतो नाहीतर काठी शोधतो. तुमच्या हातात आत्ता कागद आहे, काठी नाही, म्हणून धीर करून बोलतोय. माझं नाव पाशा. वय दात बघून ओळखायला जाऊ नका. पुढचे तीन नाहीतच, आणि ते म्हातारपणाने गेलेले नाहीत.

शिक्षण अर्धवट. ही थट्टा नव्हे. खारपेर्तच्या मैदानातल्या आमच्या गावात मला शाळेच्या खिडकीखाली बांधायचे. आत पोरं अक्षरं घोकायची, बाहेर मी कान हलवायचो. आमच्या अर्मेनियन भाषेची अक्षरं अडतीस. वीस झाली की थंडी सरायची आणि मालक मला घेऊन गावोगाव कल्हईला निघायचा. पुढची अठरा मला आजतागायत ठाऊक नाहीत. आतल्या निम्म्या पोरांनाही ती येत नव्हती, पण त्यांना कोणी गाढव म्हणत नसे. म्हणजे, गुरुजी म्हणायचे.

माझा मालक हमपार्त्सुम कल्हईवाला. नवसागराच्या धुराने सतत खोकायचा आणि दोन खोकल्यांच्या मध्ये कोणाची तरी टिंगल करून घ्यायचा. 'पाशा', म्हणजे तुर्की सरकारातला बडा अंमलदार, हे नाव त्याचीच करामत. गावात सरकारी शिपाई दिसला की म्हणायचा, "साहेब, जनावराला कसलं आलंय नाव?" शिपायाची पाठ वळली की माझ्या कानात, "चलावं, पाशाहुजूर."

त्याची बायको येघ्सा पायाने झपझप आणि तोंडाने त्याहून झपझप. "या घरात दोन गाढवं आहेत," ती शेजारणींना सांगायची, "त्यातलं एक निदान ओझं तरी उचलतं." आणि त्यांची एकुलती पोर माक्रुही, म्हणजे आमची माको. तेव्हा वय वर्षं सात. घरातली सगळी गुपितं ती मला सांगायची, कारण मी ती फोडत नसे.

आता द्राक्षांचं सांगतो. ऑगस्टच्या मध्यावर मरियममातेचा सण येतो. त्या दिवशी देर हायर, आमचे पाद्रीबुवा, द्राक्षांवर आशीर्वाद म्हणतात. तोवर एक मणी तोंडात टाकायचा नाही, मग वेली कितीही लगडू देत. एका वर्षी मी जुलैतच मळ्यात घुसलो आणि दोन ओळी साफ करून टाकल्या.

हे पाद्रीबुवा, देर घजार, दाढी हलवत दारात आले. "हमपार्त्सुम, तुझं गाढव पापी आहे!"

"काय करू, देर हायर? वीसच अक्षरं शिकलंय ते. सणवार त्याच्या पुढच्या धड्यात असतील."

सगळी गल्ली हसली. माको हसली नाही. ती गोठ्यात येऊन माझ्या मानेत तोंड खुपसून रडली. मी आता नरकात जाणार, असं तिने पक्कं धरलं होतं. सणाच्या दिवशी तिने आशीर्वादाचा एक घोस झग्यात लपवून आणला आणि मला भरवला. "हा खाल्लास की आधीचं सगळं माफ," ती म्हणाली, "मी विचारलंय." कोणाला विचारलं? देवाला, परस्पर! असा तिचा कारभार होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावातल्या पुरुषांना कचेरीत बोलावलं. हमपार्त्सुमने मला बाहेरच्या खुंटाला बांधलं. "आलोच," म्हणाला. माणसाचं 'आलोच' किती लांब असतं ते मला माहीत होतं, पण इतकं लांब नव्हतं माहीत. मागच्या दाराने त्या सगळ्यांना दोरीने एकमेकांना बांधून नेलं. देर घजारही त्यात होते. दुसऱ्या दिवशी मी खुंट उपटला आणि एकटाच घरी आलो. भाता पाठीवर, मालक नाही. येघ्साने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भाता उतरवून मला आत घेतलं.

मग बायकापोरांना हुकूम आला, तीन दिवसांत गाव सोडा. कुठे जायचं? दक्षिणेला. का? ते हुकमात लिहिलेलं नव्हतं. लोक मला हट्टी म्हणतात. मी निदान एका जागी हट्ट धरून उभा राहतो. एका अख्ख्या गावाला उठवून वाळवंटाकडे हाकत नेण्याचा हट्ट गाढवाला कधी सुचला नसता.

वाटेत काय काय पाहिलं ते सांगत नाही. एकच सांगतो. तेराव्या दिवशी रस्त्याला लागून द्राक्षमळा होता. शिपाई सावलीत लवंडलेले. बायका वेलींवर तुटून पडल्या. माको मात्र हात मागे बांधून उभी.

"खा गं," येघ्सा म्हणाली.

"सण कुठे झालाय अजून?"

"माको, दोन दिवस पोटात काही नाही तुझ्या."

"मग देर घजारना विचार, मायरिग. ते हो म्हणाले तर खाते."

देर घजारना आता कुठे विचारणार? पुरुषांना बांधून नेल्याचं येघ्साने पोरीला सांगितलंच नव्हतं. तिने डोक्याचा फडका सोडून पाद्रीबुवांसारखा खांद्यावर टाकला, हात वर केला आणि घोगरा आवाज काढून आशीर्वाद म्हणायला लागली. निम्मी प्रार्थना, निम्म्या शिव्या, शिपायांना.

पोरीने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझं नाही चालत. तुला दाढी नाही."

येघ्सा इतकी हसली की खाली बसली. त्या रस्त्यावर मी ऐकलेलं तिचं ते शेवटचं हसू. पोरीने शेवटपर्यंत खाल्लं नाही. तिच्या वाटची मी खाल्ली. लाज वाटते का? वाटते. पण भूक आधी लागते.

मालात्या शहराच्या पुढे दोन दिवसांच्या वाटेवर एक झरा आहे. तिथे आसपासच्या खेड्यांतले लोक आमची जनावरं न्यायला आले होते. शिपायाने मला हासो नावाच्या एका कुर्दी बकरीवाल्याला देऊन टाकलं. सुकलेला, लाजरा माणूस. बायकांच्या तोंडाकडे बघायला त्याला धीर होत नव्हता. येघ्साने तेवढंच हेरलं. कल्हईच्या फेऱ्यांमुळे तिला त्यांची बोली येत होती.

"ने बाबा," ती म्हणाली, "पण ते या पोरीशिवाय पाऊल टाकत नाही हो."

सपशेल थाप! मूठभर जवासाठी मी सैतानाच्याही मागे गेलो असतो. हासोने दोर ओढला आणि, कबूल करतो, मी पाय उचललासुद्धा होता. तेवढ्यात येघ्साचे डोळे दिसले. मी तिथल्या तिथे फतकल मारली. पाठीवरची सगळी भांडी खणाणली. शिपायाने बंदुकीच्या दस्त्याने माझ्या तोंडावर हाणलं. दात गेले ते असे. मी हललो नाही. जन्मभर फुकटच्या खोड्या केल्या, ही एक कामाची.

"बघ, सांगितलं ना," येघ्सा म्हणाली. "पोर घे बरोबर."

माको आईच्या कमरेला चिकटली. "मी नाही जाणार! मायरिग, नाही!"

येघ्साने तिच्या खाडकन मुस्काटात मारली. आधी कधी बोट लावलं नव्हतं तिने. "चल नीघ! तू नसलीस तर माझं चालणं तरी सोपं होईल." आणि हासोकडे वळून हात पुढे केला. "फुकट नेतोस होय? रोटी टाक."

हासोने कमरेची रोटी काढून दिली. शिपाई खो खो हसला. "बघा रे, आई बघा! रोटीला पोर विकतेय!"

त्याला दया दिसली असती तर त्याने तिथेच अडवलं असतं. सौदा दिसला, म्हणून हसून सोडलं. येघ्साला एवढं कळत होतं. आठ वर्षांच्या पोरीला कुठून कळणार?

मग माझा पोटाखालचा तंग आवळायच्या निमित्ताने येघ्सा वाकली. ती रोटी तिने अख्खीच्या अख्खी माझ्या खोगिराखाली सारली. एक तुकडासुद्धा मोडला नाही. माझ्या कानात म्हणाली, "पाशाहुजूर, पोर तुमच्या हवाली." आणि मागे न बघता झपझप निघून गेली. पोर तेव्हा गाल धरून पाठमोरी उभी होती. तिने पाहिली फक्त थप्पड आणि रोटी.

माकोने माझ्या कानावर हात ठेवला आणि मी उठलो. इथेच मला स्वतःला लाथ घालावीशी वाटते, आणि ती सोय देवाने ठेवलेली नाही. अरे, बसून राहायला काय झालं होतं? आणखी थोडा हट्ट धरला असता, तर येघ्सा म्हणाली असती, याला मीही लागते. कदाचित हासोने तिलाही नेलं असतं. पण नाही, तेव्हा शहाण्यासारखा उठलो. ऐन वेळी गाढवपणा करता येत नसेल, तर गाढव असून उपयोग काय?

हासोच्या घरी खोगीर उतरवताना माकोला ती रोटी सापडली. हासोची बायको गुले म्हणाली, "ह्यांनीच ठेवली असेल. खा." तिने खाल्ली. रोटी कोणाची, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

गुलेने तिला झेनो म्हणायला सुरुवात केली. बकऱ्या दिल्या, जेवायला दिलं, मारलं नाही. वर्ष गेलं. जुलैत एक हवालदार आला. कोणी कोणी अर्मेनियन पोरं घरात लपवली आहेत, ते हुडकायला. बेटा हुशार होता. तुतीच्या झाडाखाली बसला, टोपलीभर द्राक्षं घेतली आणि गावातली सगळी पोरं बोलावली. "या रे, खाऊ घ्या."

सणाला अजून महिना होता. मी जाऊन टोपलीत तोंड घातलं, हवालदाराची टोपी पळवली, चौकात लोळलो. पोरं हसून हसून वाकली. हवालदारही हसला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि पुन्हा बसला. "हं. ती मागची पोरगी. तू नाही घेतलीस?"

माको पुढे आली. घोस हातात घेतला. मी डोळे मिटून घेतले असते, पण मिटले नाहीत. तिने हवालदाराकडे बघत एकेक मणी खाल्ला, सावकाश, चव घेत. घोस संपला. मग गोड हसून म्हणाली, "आणखी आहेत का, हवालदारकाका?"

"घे, घे की!" तो खूश. दुसऱ्या गावाला निघून गेला.

पोर वाचली. गुलेने तिला उराशी धरलं. आणि मी वाट पाहत बसलो की आता ती गोठ्यात येईल, माझ्या मानेत तोंड खुपसेल, देवाला परस्पर काहीतरी विचारून टाकेल. ती आली. पाणी ठेवलं. गेली. त्या दिवसापासून तिने मला एकही गुपित सांगितलेलं नाही. हसते अजून, पण ते हवालदाराला दाखवलं तेच हसू, जो समोर येईल त्याला.

महायुद्धाची लढाई संपली. ओरिओर्द वार्तेनी, म्हणजे वार्तेनीबाई, गाडी घेऊन आल्या, आमची हरवलेली पोरं गोळा करायला. गुले रडली. हासोने माझा दोर पोरीच्या हातात दिला. "हेही घेऊन जा. ते हिच्याशिवाय हलत नाही." चार वर्षांत त्या भल्या माणसाला शंकासुद्धा आली नव्हती!

आता आम्ही मालात्याच्या अनाथालयात आहोत. मी पाणी वाहतो. माको तेरा वर्षांची झाली आहे. उशीत रोट्या दडवते, धाकट्या पोरींकडून कामं करून घेते, आणि थाप अशी मारते की ओरिओर्द तिचेच आभार मानतात.

परवा ओरिओर्द विहिरीपाशी वही घेऊन बसल्या. पोरांच्या नातेवाइकांची नावं लिहून घेतात. यादी दक्षिणेला अलेप्पोला जाते, पेपरात छापतात. मागच्याच महिन्यात एका पोरीची मावशी तशी सापडली.

"बाळ, आईचं नाव?"

"आई नाही."

"वारली का गं?"

"विकलं तिने मला. एका रोटीला. असली आई शोधून काय करू? पुन्हा विकायला देऊ?"

ओरिओर्दनी पेन दौतीत बुडवलं. "राग राहू दे. नाव तेवढं सांग. जिवंत असली तर..."

"लिहा, झेनो. आईबाप ठाऊक नाहीत."

मी ओरडलो. असा ओरडलो की विहिरीतली कबुतरं उडाली. ती रोटी तू खाल्लीस, मूर्ख पोरी! तूच खाल्लीस, तिने शिवलीसुद्धा नाही! एवढं स्वच्छ सांगितलं मी, आणि बाहेर काय पडलं? तेच ते जन्मभराचं गाढवाचं ओरडणं.

"कोणी आवरा गं या गाढवाला!" ओरिओर्द कान झाकून म्हणाल्या.

मी वही दातांत धरली. दात पुरेसे नाहीत, वही सुटली. माकोने बादलीचा दोर माझ्या पाठीत ओढला. "गप्प बस, पाशा." कित्येक महिन्यांत ती माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द.

यादी उद्या डाकेत जाणार. चेष्टा बघा, माझ्याच पाठीवरून जाणार, आणि तिच्यात येघ्साचं नाव नसणार. म्हणून तुम्हाला गाठलं. तुम्हाला अठराच्या अठरा पुढची अक्षरं येतात, तोंड आहे, ओळखीपाळखी आहेत. पेपरात द्या, नाहीतर जाता येता विचारा.

शोध आहे येघ्साचा. हमपार्त्सुम कल्हईवाल्याची बायको. तेव्हा तिशीच्या आतली. डाव्या मनगटावर तंदुराने भाजल्याचा डाग. चालते झपझप, बोलते त्याहून. मालात्याच्या पुढच्या झऱ्यापाशी शेवटची दिसली, दक्षिणेकडे जाताना, रिकाम्या हातांनी. ती भेटली तर सांगा, पोर जिवंत आहे, अंगाने भरली आहे. अनाथालयाच्या फाटकाशी मी बांधलेला असतो. माझ्यापाशीच थांबायला सांगा. आत जाऊन माक्रुही कुठे म्हणून विचारलंत, तर एक उंच पोरगी येईल आणि डोळ्याला डोळा भिडवून सांगेल, अशी कोणी इथे राहत नाही.

तिचं ऐकून परत फिरू नका. तीच ती.