आपापल्या वाटणीची गाणी

दुकानांतले वजनकाटे तपासून शिक्का मारणं हे त्याचं काम, आणि समोरचा माणूस आपल्याला फसवतोय असं धरून चालणं हा त्या कामाचा धर्म. दुकानांत ते खपायचं. घरात मात्र बायकोला रोज झडती द्यायचा वीट आला आणि ती वेगळी राहायला गेली. जाताना दोघांनी मिळून विकत घेतलेल्या सीड्यांची वाटणी झाली. जुनी गाणी तिला, वाद्यसंगीत त्याला. दुसऱ्याच्या वाटणीची नक्कल कुणी जवळ ठेवायची नाही, असंही ठरलं. नियम अर्थात त्याचाच.

परवा तिचा फोन आला. परत यावं असं मनात आहे, पण आधी भेटून बोलू, म्हणाली. त्याला मनापासून आनंद झाला. पण आज तिचा जिना चढताना बासरी कानावर पडली आणि त्याचं डोकं फिरलं. बासरी तर त्याच्या वाटणीची.

ती दातांच्या कवळ्या बनवते. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. तिने चहा पुढे ठेवला, तरी याची नजर तिच्या कॉम्प्युटरवरून हलेना.

"बासरी कुणी लावली होती?"

"खालच्यांचा रेडिओ आहे तो." ती खुर्चीवरून उठली. "बघायचंय ना? बघ."

भला माणूस असता तर ओशाळला असता. हा बसला. एकेक फोल्डर उघडलं, रिसायकल बिनसुद्धा उपसला. त्याच्या वाटणीचं काहीच सापडलं नाही. त्याला हायसं वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडी निराशाही झाली.

"सगळं पुसलं मी," ती म्हणाली. "एकदा शेवटचं ऐकलं, पोटभर रडले आणि पुसलं. तुझ्याकडे आहेत माझी?"

त्याला खोटं बोलता येईना. "गाडीतल्या पेनड्राइव्हवर आहेत. पण ती वाटणीच्या आधी उतरवलेली. तेव्हा सीड्या दोघांच्या होत्या. पैसे मोजून घेतलेलं आपल्याच कानांसाठी उतरवलं, ती काय चोरी झाली? मी कुणाला विकलं नाही, वाटलं नाही."

"आणि सीड्या माझ्याकडे आल्यावर?"

"त्याबाबत... जाणकारांत मतभेद आहेत."

तिला हसू फुटलं. चला, निभावलं, असं त्याला वाटलं.

"मागितली असतीस तर मीच उतरवून दिली असती रे," ती म्हणाली.

"आत्ता पुसतो. खाली चल, तुझ्यादेखत पुसतो."

"पुसशील. मग अजून कुठे ठेवली आहेस का, ते मी शोधत बसेन. तुझी गाडी, तुझा फोन, तुझे खिसे." तिने त्याच्यापुढचा गार झालेला चहा उचलला. "मला नाही जमायचं ते. मी येत नाही परत."