मावशींचं पथ्य

रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या वाचणाऱ्या त्या माणसाला केंद्रावर सगळे खर्ज म्हणत. आवाजच तसा होता, थेट बेंबीच्या देठापासून येणारा. पुराची बातमी असो नाहीतर दुधाच्या दरवाढीची, खर्जने वाचली की ऐकणाऱ्याला वाटायचं, चला, कुणीतरी जाणतं माणूस लक्ष ठेवून आहे. पन्नाशी उलटली तरी त्याचं लग्न झालेलं नव्हतं. तसा काही पण वगैरे नव्हता, राहून गेलं होतं इतकंच. मग एकदा केंद्राच्या लिफ्टची तपासणी चालू असताना ती दोन मजल्यांच्या मध्येच अडकली आणि आत नेमका हा. तपासणीला आलेल्या इंजिनियर बाई वरच्या फटीतून त्याच्याशी बोलत राहिल्या. घाबरू नका, दोर पक्का आहे, मी आत्ताच पाहिलाय, असं सांगत राहिल्या. खर्ज मुळी घाबरलाच नव्हता, पण ते त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोलणं थांबलं असतं.

वर्षभरात दोघांनी लग्न केलं. दोघंही आपापल्या सवयींत मुरलेली, त्यामुळे लग्नानंतरही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत राहिली. बाईंनी सासरी येताना हत्यारांची पेटी आणली, दोन आरामखुर्च्या आणल्या आणि मावशींना आणलं.

मावशी म्हणजे मांजर. राखाडी, अंगाने भरलेली, कपाळावर कायमची आठी. पिल्लू असताना ती एका इमारतीत लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात सापडली होती आणि बाईंनी ग्रीसने माखलेल्या हातांनी तिला वर काढलं होतं. तेव्हापासून बाईंच्या घरात तिचंच राज्य. तिच्याबद्दल बोलताना बाई आदरार्थी बहुवचन वापरत, आणि दोन दिवसांत खर्जही वापरू लागला. मावशी जेवल्या का, मावशी कुठे गेल्या, मावशींचा आज मूड नाही. मावशींनी मात्र या नव्या माणसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो सोफ्यावर बसला की त्या उठायच्या, आणि इतक्या सावकाश उठायच्या की उठण्याचं कारण त्याला नीट कळावं.

शिंका पहिल्या आठवड्यातच सुरू झाल्या. आधी सकाळच्या, मग दिवसभराच्या. डोळे चुरचुरायचे, नाक वाहायचं आणि वाहून झालं की ठार बंद व्हायचं. सर्दी म्हणून त्याने वाफारे घेतले, मिठाच्या गुळण्या केल्या, पंखा बंद ठेवून पाहिला. सर्दी काही हलेना. घर एकवेळ निभावलं असतं, पण नाक बंद असताना बातम्या वाचायच्या म्हणजे मोठीच पंचाईत. तोंडातून म निघायचा बंद झाला, त्याच्या जागी ब यायला लागला, आणि न तर कुठल्या कुठे गेला. "दबस्कार," असं म्हणून त्याने एका संध्याकाळी बातमीपत्राला सुरुवात केली. पुढे बंत्रिबंडळाचा दिर्णय झाला, साबाद्य दागरिकांदा दिलासा बिळाला, आणि हवाबाद कोरडं राहिलं. शेजारच्या खोलीतला ध्वनितंत्रज्ञ टेबलावर डोकं ठेवून हसत होता. एका ज्येष्ठ चित्रकारांच्या निधनाची बातमी आली तेव्हा मात्र तोही हसायचा थांबला, कारण ती बातमी तशा आवाजात ऐकायला बरी वाटत नव्हती.

श्रोत्यांचे फोन आले. काहींनी घरगुती उपाय सांगितले, काहींनी चांगलीच खरडपट्टी काढली. वृत्तप्रमुख भला माणूस. त्याने खर्जला खोलीत बोलावून चहा दिला आणि हे कधीपासून, असं विचारलं. मावशी घरी आल्यापासून, असं खर्जच्या तोंडून निघून गेलं. वृत्तप्रमुखाने मान डोलावली. वडीलधाऱ्या बायका अंगाला पावडर फार थापतात, तो म्हणाला, त्यांना जरा गोडीत सांगून बघा. मावशी अंगाला काय लावतात हे खर्जला समजावून सांगता आलं असतं, पण तेवढ्यात त्याला शिंका यायला लागल्या, आणि त्या थांबेपर्यंत वृत्तप्रमुखाने त्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला होता.

डॉक्टरांनी त्याच्या हातावर ओळीने थेंब टाकले आणि प्रत्येक थेंबाखाली सुईने हलकेच टोचलं. धुळीचा थेंब तसाच राहिला, परागकणांचा तसाच राहिला, मांजराच्या थेंबाखाली मात्र चांगली गांधी उठली. घरात मांजर आहे का, डॉक्टरांनी विचारलं. आहे, खर्ज म्हणाला. मग ते नसलेलं बरं, असं सांगून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की स्टुडिओतल्या गालिच्याची धूळ बाधतेय. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता. पण खरं सांगायचं त्याला धैर्य नव्हतं. मावशींचा या बाईवर आठ वर्षांचा हक्क, आपला काही महिन्यांचा. निवड करायची वेळ आली तर ती कशी होईल हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. गोळ्यांनी शिंका थोड्या कमी झाल्या, पण झोप इतकी यायची की एकदा हवामानाच्या आधीच त्याला जांभई आली.

पण बायको बिघाड शोधणारी. कारण सापडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, पंख्यांची पाती पुसली. सुट्टी काढून स्टुडिओत गेली आणि गालिच्याचा कोपरा उचलून बघून आली. तो दर आठवड्याला यंत्राने साफ होत होता. मग खर्ज दोन दिवस त्याच्या थोरल्या बहिणीकडे राहायला गेला, आणि तिथून ताईंचा फोन आला. याचं नाक तर इथे ठणठणीत आहे, ताई म्हणाल्या, रात्रभर शिंक नाही, तुम्ही उगाच काळजी करताय.

तो परतला त्या संध्याकाळी बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, मावशींना उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. मग समोर उभं राहून बघत राहिल्या, लिफ्टमध्ये वजन चढवून दोराकडे बघावं तशा. मावशींना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता आणि त्या लगेच उतरून गेल्या. पण तेवढ्यात खर्जचे डोळे लाल झाले होते आणि शिंकांची माळ सुरू झाली होती.

"डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं ना?" बाई म्हणाल्या.

खर्जने नाक पुसत होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी दोघं मावशींना टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ती डॉक्टर वयाने लहान होती, पण तिने नीट समजावून सांगितलं. त्रास खरं तर केसांचा नसतो, मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं, त्याचा असतो. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, आणि तिचे बारीक कण घरभर पसरतात. आता एक कोरडं खाणं मिळतं. त्यात अंड्यातून काढलेला एक घटक असतो. मांजर चावायला लागलं की तो लाळेतल्या त्या प्रथिनाला चिकटतो आणि त्याचा जोर मोडतो. मांजराला काही अपाय नाही. पण खाणं रोज पोटात जायला हवं, आणि फरक दिसायला तीनेक आठवडे तरी लागतील. सगळ्यांनाच सारखा गुण येतो असं नाही, आणि त्रास पुरता जाईल असं तर समजूच नका, ती म्हणाली. झोपायच्या खोलीत मांजराला येऊ देऊ नका आणि हात लावला की हात धुवा.

परत येताना टॅक्सीत बाई पहिल्यांदाच हसल्या. आजार यांना आणि पथ्य मावशींना, त्या म्हणाल्या.

मावशींनी पथ्याचं जेवण हुंगलं, नाक मुरडलं आणि पंजाने वाटी सरकवून दिली. आधी त्यांना मऊ, रसदार खाणं मिळायचं. हे म्हणजे खडे. बाईंनी जुन्या खाण्यात नवं थोडं थोडं मिसळायला सुरुवात केली, तेव्हा मावशी जुनं तेवढं वेचून खायच्या आणि नवं ओळीने काठावर काढून ठेवायच्या. शेवटी भूक लागली की चार दाणे कुडकुडायच्या, तेही पाठ करून. खर्जला ते बघवत नसे. आपल्या एका नाकापायी या जिवाला घरच्या घरी उपास घडतोय, असं त्याला वाटायचं. बायको सकाळी लवकर कामावर जायची, खर्जची पाळी दुपारची. मधल्या वेळात घरात तो आणि मावशी, आणि मावशींचे ते डोळे.

एक दिवस कॅन्टीनमधून त्याने उकडलेल्या माशाचा तुकडा डब्यात घालून आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाहेर पडल्यावर मावशींपुढे ठेवला. मावशींनी आधी माशाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांनी त्याच्याकडे असं पहिल्यांदाच पाहिलं होतं. खाऊन झाल्यावर त्या त्याच्या पायाला अंग घासून गेल्या. खर्जला पाच शिंका आल्या, पण त्या त्याला गोड लागल्या.

मग ते रोजचंच झालं. एक तुकडा तर आहे, तो स्वतःला समजवायचा, त्याने काय होतंय. तुकड्याचे दोन झाले. मावशींचं पोट भरायचं आणि पथ्याची वाटी संध्याकाळपर्यंत भरलेली राहायची. म्हातारपणी भूक कमी होते, असं तो बायकोला सांगायचा. मावशी आता दारात त्याची वाट बघायला लागल्या. सोफ्यावर त्याच्या शेजारी बसायला लागल्या. नाक होतं तिथेच राहिलं. उलट मावशींचा सहवास वाढला तशी त्याची अवस्था बिघडली. वृत्तप्रमुखाने एव्हाना मावशी कोण ते जाणून घेतलं होतं आणि सगळ्या केंद्रात हशा झाला होता. पण तोच वृत्तप्रमुख आता नाइलाजाने म्हणाला, की काही दिवस तुम्ही बातम्या लिहा, वाचायला दुसरं कुणीतरी बघू.

ते खर्जने घरी सांगितलं. शनिवारी तो उठून बाहेर आला तेव्हा टोपली हॉलमध्ये उघडी ठेवलेली होती आणि बाई मावशींच्या टॉवेलची घडी घालत होत्या. घडी नीट पडत नव्हती. त्या परत उलगडायच्या, परत घालायच्या. ऑफिसातल्या एका बाईंचं अंगण असलेलं घर आहे, त्यांनी खाली बघत सांगितलं, तिथे मावशी सुखात राहतील. सगळं करून पाहिलं. खाण्याने काही गुण आला नाही. काहींना येत नाही, डॉक्टर म्हणालीच होती.

खर्ज टोपलीसमोर खाली बसला. मावशी त्याला बघून लगेच आल्या आणि त्याच्या हाताचा वास घेऊ लागल्या. अजून काहीच कसं आणलं नाही, असा त्यांचा आविर्भाव होता.

"खाण्याला दोष देऊ नका," तो म्हणाला. "ते पोटात गेलंच नाही. मी रोज यांना मासा घालतोय."

बाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"मासा? तू मासा घालत होतास?"

"हो."

"मी इथे तिला घराबाहेर काढायला निघाले, आणि तू… का पण?"

रोज हजारो माणसांशी बोलणारा माणूस, पण समोर कागद नव्हता.

"या घरात तुम्ही दोघी होतात," तो म्हणाला. "त्यातली एकच माझ्याशी बोलत होती. दुसरीनेही बोलावं असं वाटलं."

बाई चांगल्याच संतापल्या. मूग गिळून बसायची ही कुठली रीत, पहिल्यांदा धूळ आणि आता मासा, नोकरीवर बेतलं तरी पत्ता नाही, मला काय चेटकीण समजलास, असं त्या बरंच काही बोलल्या. सगळं 'तू' घालून बोलल्या, आणि ते दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. शेवटी त्या टॉवेलात तोंड खुपसून हसायला लागल्या. हसताना थोड्या रडल्याही. टोपली त्यांनी पायानेच सोफ्याखाली सरकवली.

त्या दिवसापासून मावशींच्या जेवणाचा कारभार बाईंनी हातात घेतला. घरात मासा आणायचा नाही, डबा दारातच तपासला जाईल, असा हुकूम निघाला. मावशींनी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी वाटी रिकामी झाली. खर्जवर त्यांचा राग वेगळाच. त्या पुन्हा त्याच्याकडे पाठ करून बसू लागल्या, आणि तो दरवाजातून आत आला की आधी त्याचे हात हुंगायच्या आणि मग निघून जायच्या. हे पथ्यापेक्षा त्याला जड गेलं. पण त्याने ते सोसलं.

महिना होत आला तेव्हा एका सकाळी त्याला जाग आली आणि आपण नाकाने श्वास घेतोय हे त्याच्या ध्यानात आलं. स्वयंपाकघरातल्या कॉफीचा वास आतपर्यंत आला होता. घाईने त्याने कुणाला सांगितलं नाही. आणखी आठवडाभर वाट पाहिली. शिंका पूर्ण गेल्या नव्हत्या. मावशींचे केस विंचरलेले दिवस वाईट जायचे, कधी एखादी गोळी घ्यावी लागायची, आणि झोपायच्या खोलीचं दार बंदच राहायचं. पण नाक चालू होतं. वृत्तप्रमुखाने त्याला रिकाम्या स्टुडिओत बसवून जुनं बातमीपत्र वाचायला लावलं, शांतपणे ऐकलं, आणि सोमवारपासून या, एवढंच म्हणाला.

रविवारी सकाळी खर्ज जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मोठ्याने वाचत बसला होता. इतक्या दिवसांनी आवाज जरा घासून घ्यायला हवा होता. बायको आतल्या खोलीत हत्यारं पुसत होती आणि मधूनच एखाद्या बातमीवर शेरा मारत होती. पहिल्या पानाच्या मध्यावर तो आला तेव्हा मावशी कोपऱ्यातून उठल्या, सावकाश चालत आल्या आणि थेट कागदावर येऊन बसल्या. त्याच्या हातात काही नव्हतं, डबाही नव्हता. त्यांनी हात हुंगूनसुद्धा पाहिले नाहीत. पाय पोटाशी घेतले, डोळे मिटले.

"का रे थांबलास?" आतून बायकोने विचारलं.

"काही नाही," खर्ज म्हणाला, आणि मावशींच्या खाली गेलेली बातमी सोडून त्याने शेजारच्या रकान्यातली वाचायला घेतली.